समासातले खेळाडू

गेली पंधरा-सोळा वर्षं मी एक रिकामपणाचा उद्योग करतो आहे. सार्वजनिक वाचनालयांतल्या कथा-कादंबऱ्यांच्या समासात वाचकांनी पेन्सिलीने लिहिलेले शेरे मी वहीत उतरवून घेतो. ‘अगदी खरं’, ‘लेखक कोकणात कधी गेलेला दिसत नाही’, ‘हे पान आईला वाचून दाखवलं’, ‘शेवट आधीच कळला, पैसे परत द्या’. हे शेरे कुठल्या समीक्षाग्रंथात येत नाहीत. पण पुस्तक माणसाला कुठे लागलं आणि कुठे टोचलं, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगत नाही. माझं शिक्षण बी.कॉम.पर्यंतचं, त्यामुळे या कामाला मी कधी संशोधन म्हटलं नाही. संपादकांनी म्हटलं, म्हणून हा लेख या विभागात आहे.

या वहीत एका व्हिडिओ गेमबद्दलचे शेरे येतील, असं मला कोणी दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. ते कसे आले, ते आधी सांगतो.

आम्ही सीवूड्सला राहतो. माझा मुलगा महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. पहाटे घरी येतो, बूट काढतो, आणि झोपण्याआधी तास-दीड तास लॅपटॉप उघडून बसतो. एकदा सहज डोकावलो तर पडद्यावर दारूचा गुत्ता! काउंटरमागे एक मुलगी, समोर गिऱ्हाईक, आणि दोघांचं बोलणं खाली ओळीओळीने उमटतंय. मुलगा मधूनच काहीतरी ढवळून पेला पुढे सरकवत होता. घरात ज्याच्या तोंडून दिवसाकाठी चार वाक्यं निघत नाहीत, तो पहाटे सहा वाजता खोट्या माणसांची दुखणी ऐकत बसला होता. मी म्हणालो, “यातून तुला काय मिळतं?” तो म्हणाला, “बाबा, तुम्ही कादंबरी वाचता तेव्हा मी हे विचारतो का?”

उत्तर बिनतोड होतं. पण मला ते झोंबलं, आणि पुढे आठ-दहा दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. त्या दिवसांत मी माझ्या सवयीचं काम केलं. त्याला विचारता येत नव्हतं, म्हणून तोच गेम खेळलेल्या इतरांची मतं वाचायला घेतली.

गेम काय आहे

गेमचं नाव ‘व्हीए-११ हॉल-ए’. उच्चार करायचा ‘वल्हाला’. नॉर्स पुराणात वीरगती मिळालेल्यांचा जो महाल आहे, त्याचं नाव. इथे मात्र तो एका बारचा क्रमांक आहे. गेम २१ जून २०१६ रोजी बाहेर आला. तो केला ‘सुकेबान गेम्स’ या व्हेनेझुएलातल्या छोट्या चमूने. त्याचं पहिलं रूप २०१४ साली सायबरपंक या विषयावरच्या एका गेम-निर्मिती उपक्रमासाठी तयार झालं होतं.

सायबरपंक म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगायला हवं. १९८२चा ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट आणि १९८४ची विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी, या दोन कृतींनी या प्रकाराचा चेहरा ठरवला. त्यातल्या भविष्यात तंत्रज्ञान आकाशाला भिडलेलं असतं आणि माणसाचं जगणं गटाराच्या पातळीवर उतरलेलं असतं. सरकारांपेक्षा कंपन्या मोठ्या झालेल्या असतात. शरीरात यंत्रं बसवलेली असतात, पण खोलीचं भाडं थकलेलं असतं.

मराठी वाचकाला विज्ञानकथा नवी नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हा किस्सा आपल्याकडे अनेकांना पाठ आहे. मात्र माझ्या वाचनातल्या आपल्या विज्ञानकथांच्या मध्यभागी बहुधा शास्त्रज्ञ असतो, प्रयोगशाळा असते, एखादी चमकदार कल्पना असते. सायबरपंकमध्ये शास्त्रज्ञ दिसेनासा होतो. त्याने लावलेला शोध रस्त्यावर पोचल्यानंतर टपरीवाल्याचं, भुरट्या चोराचं, भाडेकरूचं काय होतं, याची ती गोष्ट असते.

‘वल्हाला’त तर चोरही नायक नाही. नायिका जिल स्टिंगरे ही सत्तावीस वर्षांची बारमधली नोकरदार मुलगी. काळ २०७०च्या दशकातला, शहराचं नाव ग्लिच सिटी. शहरात बँकेवर हल्ला होतो, माणसं ओलीस धरली जातात. पण खेळणाऱ्याला यातलं काहीही प्रत्यक्ष दिसत नाही. जुन्या नाटकांत युद्ध रंगमंचावर न येता दूताच्या तोंडून कळायचं, तसं इथे सगळं गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळतं. खेळणारा काउंटरमागे उभा. येईल त्याचं ऐकायचं, पाच काल्पनिक घटकांतून पेय बनवायचं, पुढे ठेवायचं. घरी गेल्यावर मांजराशी बोलायचं, बातम्या वाचायच्या, भाड्याचे पैसे जमवायचे.

जुनेपणा कोणाचा?

गेम दिसतो जुना. ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, मोजके रंग, चौकटीत बसवलेली अक्षरं. हे रूप जपानच्या एनईसी कंपनीने १९८२ साली आणलेल्या ‘पीसी-९८’ या संगणकमालिकेवरून घेतलेलं आहे. त्या यंत्राचा पडदा ६४० बाय ४०० ठिपक्यांचा होता. त्या काळाच्या मानाने हे बारीक काम. जपानी लिपीतली गुंतागुंतीची चिन्हं वाचता यावीत, यासाठी ते लागत होतं. रंग मात्र कमी. पुढच्या यंत्रांत ४०९६ छटांमधून एका वेळी १६ निवडता येत. मग चित्रकार दोन रंगांचे ठिपके एकाआड एक मांडून तिसऱ्या रंगाचा भास उभा करत. अक्षरं स्पष्ट आणि हालचाल जेमतेम, अशा यंत्रावर धावपळीच्या खेळांपेक्षा वाचायच्या गोष्टी चांगल्या रुजल्या, यात नवल नाही. म्हणजे या गेमचं जुनं रूप नुसती सजावट नाही. ‘इथे वाचायचं आहे’ ही त्यातून दिलेली आगाऊ सूचना आहे.

खेळणाऱ्यांच्या मतांत ‘जुन्या आठवणी जाग्या झाल्या’ हा शेरा पुन्हापुन्हा भेटतो. मला तो चमत्कारिक वाटला. तो जपानी संगणक माझ्या ओळखीत कोणी पाहिलेलाही नाही. आपल्याकडचं बालपण टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचं. पिवळ्या कॅसेट, त्यांत फुंकर मारून पुन्हा घालायची, आणि तोच मारिओ, तोच कॉन्ट्रा. मग ही आठवण कोणाची?

मुलाच्या मित्रमंडळींतल्या पाच-सहा जणांना मी हे विचारलं. एकीचं उत्तर मला पटलं. ती म्हणाली, आठवण त्या यंत्राची नाहीच, आठवण सवडीची आहे. एका पडद्यावर एकच गोष्ट चालू आहे, वरून कसली सूचना टपकत नाही, ओळ संपल्यावर आपण बटण दाबेपर्यंत पुढची येत नाही. आपण कधीच न वापरलेल्या यंत्राची हुरहूर अशी लागते.

मतांची वही

आता मतांकडे. स्टीम या दुकानात २०१३पासून गिऱ्हाईक आपलं मत लिहू शकतो. त्याला आधी एकच ठरवावं लागतं, अंगठा वर की खाली. मधलं काही नाही. आणि मताशेजारी दुकान स्वतःहून एक आकडा छापतं : या माणसाने हा गेम किती तास खेळला. वाचनालयातल्या शेऱ्यांबाबत ही सोय मला मिळाली असती तर! ‘कंटाळवाणं’ लिहिणारा पान २०वर थांबला होता की २००वर, हे कळायला मी एकेक पान धुंडाळलं आहे.

आणखी एक नियम ध्यानात ठेवायचा. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल, तर पैसे परत मिळतात. ‘वल्हाला’ची गोष्ट पहिल्या दोन तासांत जेमतेम ओळखीपाळखीच करून देते. त्यामुळे दीड-दोन तासांवर थांबलेल्याचं प्रतिकूल मत खोटं नसतं, पण ते पहिल्या प्रकरणावरचं मत असतं. मी वहीत दोन रकाने केले, दोन तासांच्या अलीकडचे आणि पलीकडचे. मग चित्र उलगडू लागलं.

एकूण कौल गेमच्या बाजूने आहे, आणि जोरदार आहे. संगीताची तारीफ जवळजवळ सगळेच करतात. पाळी सुरू होण्याआधी खेळणाऱ्याने बारच्या ज्यूकबॉक्समध्ये बारा गाणी लावून घ्यायची असतात. त्यामुळे ती रात्र आपण सजवली, असं त्याला वाटतं. दुसरी तारीफ पात्रांची. प्रतिकूल मतांचा मुख्य सूर एकच : हा खेळ नाही, हे वाचन आहे, मला काही ठरवूच देत नाहीत.

हा आक्षेप नीट तपासण्यासारखा आहे, कारण वस्तुस्थिती म्हणून तो बराचसा खरा आहे. गोष्टी सांगणाऱ्या बहुतेक गेममध्ये नायकाने काय बोलावं याचे दोन-तीन पर्याय पुढे येतात. इथे जिल काय बोलणार, ते लेखकाने ठरवलेलं आहे. खेळणाऱ्याच्या हातात फक्त पेला. पण त्या पेल्यात बरंच काही आहे. मद्याच्या जागी असलेला ‘कार्मोट्रिन’ हा घटक काही पेयांत हवा तितका घालता येतो. गिऱ्हाइकाला जास्त चढली की तो वेगळं बोलतो, कधी नको ते उघड करतो. कोणी पेयाचं नाव न घेता ‘नेहमीचं’ मागतो. त्याची आवड आपण लक्षात ठेवलेली असावी लागते. पेय चुकलं की पैसे गेले.

यात एक बारकावा असा आहे की तो ध्यानात आल्यावर मी वही खाली ठेवली होती. कामावर निघण्याआधी जिलच्या मनात एखादी वस्तू घ्यायचं असतं. ती वस्तू तिला घेऊन दिली तर ती कामात लक्ष देते, आणि गिऱ्हाइकाने काय मागितलं ते पडद्यावर खाली दिसत राहतं. नाही दिली तर तिचं चित्त उडतं आणि ती नोंद दिसत नाही. मग आपल्यालाच ते लक्षात ठेवावं लागतं. इकडे भाड्याचेही पैसे राखायचे असतात. अनेकांनी यावर चिडून लिहिलं आहे : थकल्या मुलीने दिव्याची माळ घेतली म्हणून भाडं चुकावं, हा कुठला न्याय? तर काहींनी याच जागेबद्दल लिहिलं आहे की महिनाअखेरीचं असं खरं चित्रण त्यांनी दुसरीकडे पाहिलं नव्हतं. दोन्ही मतं एकाच यंत्रणेची आहेत. पहिल्याला ती खेळातली त्रुटी वाटते, दुसऱ्याला स्वतःची नोकरी.

इथे मला माझं म्हणणं सापडलं. ‘निवड नाही’ ही तक्रार आणि ‘घरी आल्यासारखं वाटलं’ ही तारीफ या दोहोंचं मूळ एकच आहे. या गेमने खेळणाऱ्याकडून बोलण्याची सत्ता काढून घेतली आणि ऐकण्याची जबाबदारी दिली. खेळ म्हणजे जगावर हुकूम चालवणं, असं ज्याला वाटतं त्याला हात बांधल्यासारखं होतं. ज्याचा दिवस इतरांचे हुकूम ऐकण्यात जातो, त्याला मात्र या काउंटरमागे काहीतरी ओळखीचं दिसतं : हुकूम ऐकणं आणि माणूस ऐकणं यांतला फरक. दोघेही पेला भरतात, पण दुसऱ्याला गिऱ्हाइकाचं नाव आठवतं.

ऐकणं म्हणजे नुसतं गोड वागणं, असंही गेम म्हणत नाही. उत्तरार्धात जिलला कळतं की तिने सोडून दिलेली तिची एकेकाळची प्रेयसी वारली, आणि तिची धाकटी बहीण जाब विचारायला बारमध्ये येते. सबंध गेममध्ये दुसऱ्यांचं ऐकणारी मुलगी स्वतःच्या बाबतीत एका माणसाचं ऐकायची राहून गेली होती. पलीकडच्या रकान्यातल्या मतांत या प्रसंगाचा उल्लेख वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या पुढचं वाक्य लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घराबद्दल असतं. समासातल्या शेऱ्यांची हीच जात आहे.

दुसरा बार

माझा निष्कर्ष एकाच गेमवर बेतलेला राहू नये, म्हणून आणखी एक पाहिला. स्पेनमधल्या ‘डीकन्स्ट्रक्टीम’ या चमूने २०१८च्या जानेवारीत आणलेला ‘द रेड स्ट्रिंग्ज क्लब’. हाही सायबरपंक, हाही ठोकळ्यांच्या चित्रांचा, इथेही बार. मात्र इथे बोलण्याचे पर्याय मुबलक. एका कंपनीचा बेत आहे : माणसांच्या मनातला राग, दुःख, नैराश्य परस्पर पुसून टाकायचं. हे चांगलं की वाईट, यावर गेम खेळणाऱ्याची उलटतपासणी घेतो.

त्यावरच्या प्रतिकूल मतांत तक्रार कोणती? की निवडी खूप आहेत, पण शेवट बदलत नाही. गेम सुरूच होतो तो कथेतला एक नायक उंच इमारतीवरून खाली पडतो आहे, या दृश्याने. आपण काय करायचं ते केलं तरी तो पडणारच.

म्हणजे निवड न देणाऱ्या गेमवर निवड नाही म्हणून राग, आणि भरपूर देणाऱ्यावर ती पोकळ म्हणून राग. मला वाटतं, खेळणारे इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाने मागत आहेत. एक, घटना बदलण्याची ताकद. दुसरी, आपण काय केलं याची कोणीतरी दखल घ्यावी ही इच्छा. आणि बऱ्याच मतांत खंत दिसते ती दुसरीची. कादंबरीच्या वाचकाला पहिली कधीच मिळत नाही, दुसरीही नाही. म्हणून तर तो समासात लिहितो.

भविष्य कुठलं?

व्हेनेझुएला या नावावर क्षणभर थांबायला हवं. ‘वल्हाला’ बाहेर पडला त्या २०१६ साली तिथे अन्नासाठी रांगा होत्या, चलनाची किंमत कोसळत होती, आणि वीजटंचाईमुळे एप्रिलमध्ये सरकारी कचेऱ्यांचा आठवडा दोन दिवसांवर आणला गेला होता. आपल्या देशातलं जगणं गेममध्ये उतरलं आहे, असं त्याच्या कर्त्यांनी सांगितलेलं आहे. चाळीस वर्षांपूर्वी हॉलिवूडने रंगवलेलं काळंकुट्ट भविष्य त्यांनी घेतलं आणि त्यात आजचा घरखर्च भरला.

हे कळल्यावर मी आमच्या शहराकडे पाहिलं. मार्च १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हा नवी मुंबई हेच एक भविष्य होतं, कागदावर आखलेलं. आज सीवूड्सला रेल्वे स्थानकाच्या डोक्यावर मॉल आहे. लोकलमधून उतरलेला माणूस सरकत्या जिन्याने थेट काचेच्या दुकानांत पोचतो. बाहेर पडून थोडं चालावं तर करावे गाव, खाडी, थंडीतले फ्लेमिंगो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जिथे रसायनांचे कारखाने होते, तिथे महापे-ऐरोलीपर्यंत खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. जगाची गुपितं त्यांत थंडगार साठवलेली, आणि ती राखणारी मुलं पहाटे टपरीवर वडापाव खात शेअर रिक्षाची वाट पाहतात. गेममधलं शहर कल्पनेतलं का वाटावं?

आपल्याकडे गोष्टी सांगणारे गेम होऊ लागले आहेत. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली आणलेला ‘राजी’ परदेशांतही खेळला गेला. तो पुराणकथांच्या वाटेने गेला. महापेची रात्रपाळी, भाडं आणि लोकल यांची गोष्ट अजून कोणी केली तर मला खेळायची आहे, आणि मराठीतून खेळायची आहे.

दोष

कौतुकाच्या भरात दोष झाकले, असं होऊ नये. ‘वल्हाला’तलं बोलणं अनेकदा पाचकळ होतं, जपानी कार्टून आणि इंटरनेटवरचे विनोद ठाऊक नसतील तर पानंच्या पानं कोरडी जातात. पेय ढवळण्याची क्रिया पन्नासाव्या वेळी कंटाळा आणते. आणि एक आक्षेप गंभीर आहे. वयाने लहान दिसणारं एक यंत्रमानव पात्र गेममध्ये देहविक्रय करणारं दाखवलं आहे, आणि त्याची हाताळणी बरीचशी हलकीफुलकी आहे. यंत्राला वय नसतं, हा बचाव गेमच्या चाहत्यांत ऐकू येतो. मला तो पटत नाही. चित्र काढणाऱ्याने जे रूप निवडलं, त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते.

तरीही मराठी साहित्यव्यवहाराला माझं एक सांगणं आहे. आपली मुलं वाचत नाहीत, असं आपण दर दिवाळीला म्हणतो. ती पडद्यावर ओळीमागून ओळ वाचत आहेत आणि त्यावर भांडतही आहेत : कथेत काही घडायलाच हवं का, पात्राने आपलं ऐकलं पाहिजे का. हे वाद आपल्या नवकथेच्या काळात झाले होते. फक्त ते आता आपल्या भाषेत होत नाहीत, आणि आपण डोकावलो तर पडद्यावर आपल्याला गुत्ता दिसतो.

हे सगळं वहीत उतरून झाल्यावर एके पहाटे मी मुलाला विचारलं, “तू यावर मत का नाही लिहिलंस?” तो म्हणाला, “काय लिहिणार? कामावर कोणी बोलत नाही, मशीनच असतात. इथे लोक येतात.” मी पुढे काही विचारलं नाही. साखर कमी घालून चहा केला, त्याला तसाच लागतो, आणि कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवला.